कॉम्प्युटर नावाची माणसं

आजचा शब्द इतका घरचा झालाय की तो इंग्रजी आहे हेही आपल्याला आता जाणवत नाही. कॉम्प्युटर. शाळेतली कॉम्प्युटर लॅब, दहावीच्या सुट्टीत लावलेला एमएस-सीआयटीचा क्लास, आणि “दिवसभर त्या कॉम्प्युटरसमोर बसून डोळे जातील तुझे” हे वाक्य. हे ऐकलं नाही असं घर महाराष्ट्रात सापडणं अवघड आहे.

आता एक गंमत सांगतो. २ मे १८९२ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये एक छोटीशी बातमी छापून आली होती. मथळा साधारण असा, की एक कॉम्प्युटर पाहिजे. त्यासाठी वॉशिंग्टनमध्ये परीक्षा होणार होती. विषय होते बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती आणि खगोलशास्त्र. म्हणजे कॉम्प्युटरनं परीक्षेला बसायचं, पास व्हायचं आणि मग नोकरीवर रुजू व्हायचं.

कारण त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे माणूस. टीचर म्हणजे शिकवणारा, पेंटर म्हणजे रंगवणारा, तसा कॉम्प्युटर म्हणजे हिशेब करणारा. हा हुद्दा होता. यंत्राला हा शब्द सरसकट चिकटला तो गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत. त्याआधी तीनशेहून जास्त वर्षं तो माणसाचा होता.

तर आज आपण बघणार आहोत की हा शब्द माणसाकडून यंत्राकडे गेला कसा. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हा विषय मला थोडा जास्तच टोचतो. का, ते शेवटी सांगतो.

आधी मुळाशी जाऊ. लॅटिनमध्ये ‘पुतारे’ असं एक क्रियापद आहे. त्याचा एक जुना अर्थ छाटणे, झाडाच्या नको त्या फांद्या काढून ते साफ करणे. त्यावरून हिशेब साफ करणे, मोजणे आणि पुढे विचार करणे असे अर्थ आले. त्याला ‘कॉम’ म्हणजे ‘एकत्र’ हा उपसर्ग लागला आणि ‘कॉम्पुतारे’ झालं, म्हणजे सगळं मिळून मोजणे. हाच शब्द फ्रेंचमधून फिरून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा ‘काउंट’ झाला. म्हणजे काउंट आणि कॉम्प्युट ही एकाच आईची दोन लेकरं. आणि हात-पाय कापण्याला म्हणतात ते ‘अँप्युटेशन’? तेही त्याच ‘पुतारे’वरून. छाटणी तिथे अजून शिल्लक आहे.

इंग्रजीत ‘कॉम्प्युटर’ छापलेला आढळतो तो १६१३ साली, रिचर्ड ब्रॅथवेट या लेखकाच्या एका पुस्तकात. तिथेही तो काळाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाबद्दलच आहे. मात्र या नावाचा धंदा, म्हणजे पोटापाण्याचं काम, खऱ्या अर्थानं उभं राहिलं ते अठराव्या शतकात, आणि तेही आकाशामुळे.

एडमंड हॅली म्हणाला होता की १६८२ साली दिसलेला धूमकेतू १७५८ च्या सुमारास परत येईल. पण नक्की कधी? वाटेत गुरू आणि शनी त्याला ओढणार, मागे-पुढे करणार. तो हिशेब करायला फ्रान्समध्ये तीन माणसं बसली. गणिती अलेक्सी क्लेरो, खगोलशास्त्रज्ञ जेरोम लालांद आणि निकोल-रेन लपोत नावाची एक बाई. १७५८ च्या उन्हाळ्यापासून नोव्हेंबरपर्यंत, सकाळपासून रात्रीपर्यंत, कधी कधी जेवतानासुद्धा आकडेमोड चालू. शेवटी क्लेरोनं जाहीर केलं की धूमकेतू एप्रिल १७५९ च्या मध्याला सूर्याच्या सर्वांत जवळ येईल, एक महिना इकडे-तिकडे. तो आला १३ मार्चला. कागद आणि शाईच्या जोरावर शहात्तर वर्षांच्या प्रवासात जेमतेम महिन्याची चूक!

पण पुढचं ऐका. क्लेरोनं यावर पुस्तक लिहिलं तेव्हा त्यात लपोतबाईंचं नाव नव्हतं. लालांदनं मात्र नंतर स्पष्ट लिहून ठेवलं की त्यांच्याशिवाय हे काम हातात घ्यायचं धाडसच झालं नसतं. लालांदनं लिहिलं नसतं तर आज मला हे नाव तुम्हाला सांगता आलं नसतं.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती पुन्हा पुन्हा येणार आहे.

आता इंग्लंड. तिथे १७६७ या वर्षापासून ‘नॉटिकल अल्मनॅक’ निघू लागलं. म्हणजे खलाशांचं पंचांगच म्हणा. भर समुद्रात चंद्र आणि ताऱ्यांमधलं अंतर मोजायचं, पंचांगातल्या कोष्टकाशी ताडून बघायचं आणि आपलं जहाज कुठे आहे ते काढायचं. कोष्टकात आकडा चुकला तर जहाज खडकावर. हे काम चालवणारे राजज्योतिर्विद नेव्हिल मॅस्केलिन यांनी यासाठी कॉम्प्युटर नेमले. ते ऑफिसात येत नसत, आपापल्या गावी घरीच बसून काम करत आणि कागद टपालानं पाठवत. वर्क फ्रॉम होम हे काही आपल्या लॉकडाऊनचं बाळ नाही.

आणि पद्धत बघा. एकच गणित दोन वेगवेगळ्या कॉम्प्युटरना द्यायचं. दोघांची उत्तरं तिसऱ्याकडे जाणार, ज्याला ‘कंपेरर’ म्हणत. त्यानं ताडून बघायचं. आमच्याकडे आज कोड रिव्ह्यू म्हणतात त्याचीच ही पणजी. एकदा दोन कॉम्प्युटर एकमेकांचं बघून उतरवताना सापडले आणि दोघांनाही काढून टाकलं. साहजिकच आहे. दोघांची चूक एकसारखीच असेल तर तिसऱ्यानं ताडून उपयोग काय?

इथपर्यंत कॉम्प्युटर हा निदान गणित जाणणारा माणूस होता. खरी गडबड पुढे झाली.

१७९० च्या दशकात फ्रान्समध्ये क्रांतीनंतर मेट्रिक पद्धत आली, कोनसुद्धा दशमान करायचं ठरलं. मग नवी लॉगॅरिदमची आणि त्रिकोणमितीची प्रचंड कोष्टकं लागणार. हे काम गास्पार द प्रोनी या इंजिनिअरकडे आलं. त्यानं अ‍ॅडम स्मिथच्या पुस्तकात टाचणीच्या कारखान्याचं वर्णन वाचलं होतं. एक जण तार ओढतो, एक कापतो, एक टोक काढतो. प्रोनीला वाटलं, टाचण्या अशा बनतात तर आकडे का नाही?

त्यानं तीन मजली रचना केली. वर मोजके मोठे गणिती, सूत्रं ठरवणारे. मध्ये काही जाणकार, त्या सूत्रांचे पायऱ्या-पायऱ्यांचे तक्ते करणारे. आणि तळाला बरेच साधे हिशेबनीस, ज्यांना फक्त बेरीज आणि वजाबाकी करायची होती. आपण नक्की काय काढतोय हे त्यांना माहीत असायची गरजच नव्हती. असं सांगतात की त्यांच्यात पूर्वाश्रमीचे केशभूषाकार होते. सरदार-दरकदारांची डोकी क्रांतीत उडाली, मग त्यांच्यावर केसांचे मनोरे उभारणाऱ्यांना काम कुठून मिळणार?

प्रोनीची ही कोष्टकं हस्तलिखितातच राहिली, पण कल्पना छापखान्याची वाट बघत बसली नाही. लंडनच्या चार्ल्स बॅबेजनं हे सगळं बघितलं. आपल्या १८३२ च्या पुस्तकात त्यानं डोक्याच्या कामाची वाटणी कशी करता येते याचं उदाहरण म्हणून प्रोनीलाच घेतलं. तळाचं काम जर न समजता करता येतं, तर ते दातेरी चाकांकडून का करून घेऊ नये? तो बनवू पाहत असलेल्या ‘डिफरन्स इंजिन’मागे हाच तर्क होता.

इथे मला थांबायचंय. आपण नेहमी गोष्ट अशी सांगतो की यंत्र आलं आणि माणसाचं काम गेलं. पण क्रम नीट बघा. आधी माणसाचं काम इतकं बारीक चिरलं गेलं की त्यात समजून घेण्यासारखं काही उरलं नाही. माणसाला यंत्रासारखं बसवलं. यंत्र नंतर आलं, ते फक्त त्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसलं.

आता आपल्या देशात येऊ. इंग्रजांनी अख्खा हिंदुस्थान त्रिकोणांनी मोजायला घेतला होता, त्याला ‘ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हे’ म्हणतात. त्याचा प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट. त्याला गोलीय त्रिकोणमिती येणारा हुशार मुलगा हवा होता. कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातून एक नाव सुचवलं गेलं, राधानाथ सिकदार. १८३१ साली हा मुलगा सर्व्हेत कॉम्प्युटर म्हणून लागला. वय जेमतेम एकोणीस. आपल्याकडचा पहिला नावाजलेला कॉम्प्युटर हा असा धोतर नेसणाऱ्या घरातला बंगाली मुलगा होता.

आणि तो मान खाली घालून आकडे मोडणारा नव्हता. १८४३ मध्ये डेहराडूनचा मॅजिस्ट्रेट व्हान्सिटार्ट सर्व्हेच्या मजुरांकडून आपलं सामान वाहून घेत होता. सिकदारांनी ते सामान अडवून ठेवलं. खटला झाला, दोनशे रुपये दंड झाला. कंपनीच्या राज्यात एका गोऱ्या मॅजिस्ट्रेटला अडवायचं, तेही मजुरांसाठी!

१८४९ मध्ये ते कलकत्त्यात मुख्य कॉम्प्युटर झाले. त्याच सुमारास हिमालयातल्या ‘शिखर क्रमांक १५’ची निरीक्षणं जमा होत होती. नेपाळात शिरायला परवानगी नव्हती, त्यामुळे दीडशेहून जास्त किलोमीटरवरून, सपाटीवरच्या सहा ठिकाणांहून कोन मोजले गेले. एवढ्या अंतरावरून येणारा प्रकाश हवेत वाकतो, पृथ्वीचा गोलावा मध्ये येतो. त्या सगळ्याचा हिशेब करून आकडा निघाला २९,००२ फूट. जगातलं सर्वांत उंच शिखर. सिकदार साहेबाच्या खोलीत धावत गेले आणि म्हणाले वगैरे जो किस्सा सांगतात तो बहुधा नंतर रंगवलेला आहे. हे काम कलकत्ता आणि डेहराडून अशा दोन ठिकाणच्या अनेक हातांचं होतं. पण त्या गणिताच्या केंद्रस्थानी सिकदार होते, याबद्दल शंका नाही. २०२० साली नेपाळ आणि चीननं जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे. सिकदारांच्या काळचा आकडा मीटरमध्ये केला तर साधारण ८,८४०. फरक नऊ मीटरचा!

शिखराला नाव मिळालं एव्हरेस्टचं, जो १८४३ मध्येच निवृत्त होऊन गेला होता.

पण याहून लागणारी गोष्ट वेगळी आहे. १८५१ मध्ये सर्व्हेचं एक मोठं मार्गदर्शक पुस्तक निघालं. त्याच्या प्रस्तावनेत लेखकांनी लिहिलं होतं की त्यातले महत्त्वाचे तांत्रिक भाग सिकदारांचे आहेत. १८७० मध्ये सिकदार वारले. १८७५ मध्ये तिसरी आवृत्ती निघाली, मजकूर तोच आणि सिकदारांचं नाव गायब. ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ या इंग्रजांच्याच वर्तमानपत्रानं तेव्हा हा मेलेल्या माणसाला लुटण्याचा प्रकार आहे अशी सडकून टीका केली होती. टपाल खात्यानं त्यांचं चित्र असलेलं तिकीट काढलं ते २००४ साली.

लपोतबाई आठवल्या ना?

तिकडे अमेरिकेत, हार्वर्डच्या वेधशाळेत एडवर्ड पिकरिंगनं १८८० च्या दशकात बायकांची कॉम्प्युटर म्हणून फौज उभी केली. काचेच्या पट्ट्यांवर काढलेले आकाशाचे फोटो बघून ताऱ्यांची नोंद करायची. पगार तासाला पंचवीस ते पन्नास सेंट, म्हणजे त्याच पैशात जास्त डोकी. यातली विल्यमिना फ्लेमिंग ही आधी पिकरिंगच्या घरी मोलकरीण होती. हेन्रिएटा लेव्हिटनं या कामातून तेज बदलणाऱ्या ताऱ्यांचा एक नियम शोधला, तारा जितका सावकाश मिणमिणतो तितका तो मुळात जास्त तेजस्वी असतो. या नियमाच्या पट्टीनं अंतर मोजूनच एडविन हबलनं दाखवलं की देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची वेगळी दीर्घिका आहे. १९२५ मध्ये एका स्वीडिश गणितज्ञानं नोबेलसाठी नाव सुचवावं म्हणून लेव्हिटबाईंची चौकशी केली. त्या १९२१ मध्येच गेल्या होत्या.

आता शब्द नेमका कुठे वळतो ते बघू. १९३६ मध्ये अ‍ॅलन ट्युरिंगनं तो प्रसिद्ध शोधनिबंध लिहिला, ज्याला आजच्या संगणकशास्त्राचा पाया मानतात. आम्हाला इंजिनिअरिंगला ‘ट्युरिंग मशीन’ शिकवलं, तेच हे. त्या निबंधात ‘कॉम्प्युटर’ शब्द येतो, पण तो यंत्रासाठी नाही. चौकटीच्या कागदावर एकेक आकडा लिहीत बसलेल्या माणसासाठी! ट्युरिंग त्या माणसाकडे बघून विचारतोय की हा नक्की काय काय करतो, आणि तेवढंच यंत्राला करता येईल का. मग १९५० मध्ये ट्युरिंगच दुसऱ्या एका निबंधात ‘ह्यूमन कॉम्प्युटर’ असं लिहितो. चौदा वर्षांत माणसाला विशेषण लावायची वेळ आली. घरच्या फोनला सरसकट लँडलाइन म्हणायची वेळ कधी आली? मोबाइल आल्यावर. त्याआधी तो नुसता फोन होता. तसंच हे.

मधल्या त्या चौदा वर्षांत दुसरं महायुद्ध झालं. फिलाडेल्फियात अमेरिकन सैन्यासाठी बायका कॉम्प्युटर म्हणून तोफगोळ्यांचे मार्ग काढत होत्या. एक मार्ग हातानं काढायला तीसेक तास लागायचे. त्यासाठी ‘एनिअ‍ॅक’ हे इलेक्ट्रॉनिक यंत्र बनलं आणि त्याच्या लांबलचक नावातलं शेवटचं अक्षर होतं कॉम्प्युटरचं. त्याला तेच काम अर्ध्या मिनिटात जमलं. पण त्याला काम सांगणार कोण? त्यासाठी त्याच कॉम्प्युटर बायकांमधून सहा जणी निवडल्या. केथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिख्टरमन. प्रोग्रामिंगचं पुस्तक अस्तित्वातच नव्हतं. यंत्राचे नकाशे बघून त्या स्वतः शिकल्या. फेब्रुवारी १९४६ मध्ये यंत्राचं जाहीर प्रात्यक्षिक झालं, ते त्यांनीच तयार केलेल्या प्रोग्रामवर. त्या रात्री मोठी मेजवानी झाली. या सहा जणींना बोलावणंच नव्हतं.

पुढे १९८० च्या दशकात कॅथी क्लायमन या विद्यार्थिनीनं जुन्या फोटोत यंत्रापाशी उभ्या असलेल्या बायका बघून विचारलं, या कोण? उत्तर मिळालं की त्या मॉडेल्स असतील, यंत्र उठून दिसावं म्हणून उभ्या केलेल्या. फ्रिजच्या जाहिरातीत असतात तशा.

बरं, मग सगळ्याच कॉम्प्युटरचं असं झालं का? नाही. अमेरिकेच्या लँग्ली इथल्या विमान संशोधन केंद्रात कृष्णवर्णीय महिला कॉम्प्युटर होत्या. त्यांचा विभाग वेगळा, कँटीनमधलं टेबल वेगळं. त्या टेबलावर ‘कृष्णवर्णीय कॉम्प्युटर’ अशी पाटी असायची. मिरियम मान नावाची एक कॉम्प्युटर ती पाटी पर्समध्ये घालून घरी न्यायची. नवी पाटी यायची, ती परत न्यायची. शेवटी पाटी यायची थांबली. तिथल्या विभागप्रमुख डोरोथी वॉन यांनी यंत्रं येणार हे ओळखलं. स्वतः फोरट्रान शिकल्या आणि आपल्या सहकाऱ्यांना शिकवलं. आणि १९६२ मध्ये जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला तेव्हा त्यानं यंत्राचे आकडे आधी कॅथरीन जॉन्सन यांच्याकडून तपासून मागितले. ‘कॉम्प्युटर’नं कॉम्प्युटर तपासला.

आता मराठीकडे. आपण ‘संगणक’ म्हणतो. यात शेवटचा ‘क’ बघा. लेखक, गायक, शिक्षक. करणाऱ्याचा ‘क’. संस्कृतात गणक म्हणजे गणना करणारा माणूस, ज्योतिषी. अमरकोशात ‘दैवज्ञ’ आणि ‘गणक’ हे शब्द शेजारी शेजारी येतात. आणि असे गणक आपल्याकडे कोकणात होऊन गेलेत. मुरुडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ लिहिलं. त्यात त्रिकोणमितीची किचकट आकडेमोड टाळून ग्रह कुठे आहेत ते काढायच्या रीती दिल्या. पुढे शतकानुशतकं महाराष्ट्रातली पंचांगं त्यावर चालली. प्रोनीच्या अगदी उलट बघा. त्यांनी गणित सोपं केलं, पण ते करणाऱ्याच्या हातात अख्खं दिलं.

आणि आजची बातमी. राजस्थान सरकारच्या सांख्यिकी खात्यात ‘संगणक’ नावाचं पद अजून आहे. इंग्रजीत त्याचं स्पेलिंग किंचित वेगळं करतात, शेवटी ‘ई’ऐवजी ‘ओ’. त्याची भरती निघते, मुलं परीक्षेला बसतात आणि पास झाली की संगणक होतात. शब्दातला माणूस अजून पुरता मेलेला नाही.

आता मला का टोचतं ते. ‘प्रोग्रामर’, ‘कोडर’, ‘डेव्हलपर’ हे शब्द आज माणसाचे आहेत. पण कोड लिहिणारी एआय साधनं आमच्या रोजच्या कामात आली आहेत, आणि आणखी तीस वर्षांनी ‘कोडर’ म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांसमोर माणूस येईल का, मला सांगता येत नाही. हा इतिहास वाचल्यावर मला यंत्राची भीती आधीपेक्षा कमी वाटते, आणि कामाच्या वाटणीची जास्त. मला रोज मिळणारं तिकीट कशासाठी आहे, त्यानं कुणाचं काय होणार आहे, हे मला माहीत नसेल, तर मी प्रोनीच्या तळमजल्यावर आधीच बसलोय. डोरोथी वॉन वाचल्या त्या नवीन भाषा शिकल्या म्हणून, हे खरंच. पण आपण काय काढतोय आणि कशासाठी, हे त्यांना आधीपासून माहीत होतं, हेही तितकंच खरं. आणि प्रत्येक कॉम्प्युटरला वॉनबाईंसारखी साहेबीण मिळाली नाही, हे विसरून कुणाला ‘अपस्किल करा’ म्हणून उपदेश करायला माझी जीभ रेटत नाही.

म्हणून एक काम देतो. तुमच्या घरात कुणीतरी असेल ज्यांचा हुद्दा आता उरलेला नाही. टेलिफोन ऑपरेटर, टायपिस्ट, छापखान्यातले खिळे जुळवणारे, बँकेत हातानं लेजर लिहिणारे. त्यांना विचारा की दिवसभर नक्की काय करायचात, आणि त्यातलं डोक्याचं काम कोणतं होतं. त्यांचं नाव आणि उत्तर व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात त्यातली काही ऐकू, नावासकट.

भेटू मग. काळजी घ्या!